नापास मशीनांची गोधडी

गोधडीकाकूंचं शिलाई मशीन नेमकं नको तेव्हा अडून बसलं. चाक फिरायचं, सुई खालीवर व्हायची, पण टाका काही पडायचा नाही. दुरुस्तीवाला ते उचलून घेऊन गेला आणि "पार्ट मागवलाय, आला की करतो" एवढं सांगून त्याने काकूंचा फोन घेणंच बंद केलं. इकडे कापलेले चौकोन पलंगावर तसेच पडलेले, आणि रविवारी मुलीकडे नातीला बघायला जायचं होतं.

"मग पुढच्या खेपेला ने की गोधडी," काका म्हणाले.

"पुढच्या खेपेला? विहीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना? 'कशाला एवढा खटाटोप, हल्ली विकतच्या किती छान मिळतात!' आणि मी सगळ्यांदेखत सांगून बसलेय, बाळ झोपेल तर माझ्याच गोधडीवर. आता हात हलवत गेले ना, तर त्या विकतची काढून अंथरतील माझ्यासमोर. वर गोड हसतील."

"बरं बाई. मग एक जादाचं मशीन घेऊन टाकू. परवडेल असं. नाहीतरी एकाच मशीनच्या भरवशावर राहू नये."

काका बोलून गेले खरे, पण घोडं अडलं ते इथेच. काकांची सगळी नोकरी नट-बोल्टच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली होती. समोर आलेला माल उलटसुलट करून बघायचा आणि नापास करायचा. नोकरी सुटली, पण सवय कसली सुटतेय! घरात साधी बादली आणायची म्हटली तरी आधी चार बादल्या नापास व्हायच्या.

मशीनवाल्यांची दुकानं एकाच रस्त्यावर ओळीने होती. पहिल्या दुकानदाराने मोठ्या हौसेने एक चकचकीत मशीन पुढे ओढलं. "याच्यात शंभर डिझाइनं येतात. फुलं, पानं, बदकं."

"मला बदकं काढायची नाहीत हो," काकू म्हणाल्या. "चौकोनाला चौकोन जोडायचाय. सरळ टाका येतो का?"

"सरळ?" दुकानदार जरा विचारात पडला. "येत असेल की. तोही येत असेल."

काका मध्ये पडले. "साधं दाखवा. स्वस्त दाखवा." साधं मशीन आलं, सोबत चाचणीसाठी दुकानातली एक चिंधी आली. काकांनी चिंधी बाजूला सारली. "दुकानाच्या चिंधीवर कुठलंही मशीन गुणी बाळासारखं चालतं. आपला कपडा, आपला दोरा, आपलं काम! काढ गं तुझे चौकोन."

काकूंनी पिशवीतले चौकोन काढले आणि जोडायला घेतले. थांबायला लागल्या की काका म्हणायचे, "चालू दे, चालू दे, तापतंय का बघायचंय." चौकोनांची एक अख्खी ओळ जोडून झाली. मग काकांनी मशीनवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "थरथरतं. नापास."

दुसऱ्या दुकानात काकांना वेगळीच शंका आली. नुसत्या ओळीचं काय घेऊन बसलात, जाड जोडावर सुई चालते का? म्हणून काकूंनी दुसरी ओळ शिवली आणि ती पहिलीला जोडून दाखवली. जोड असा बसला की दुकानदारसुद्धा वाकून बघायला लागला. पण मशीनचा दिवा काकांच्या डोळ्यांवर येत होता. तेही नापास झालं.

"अहो, शिवणार मी, आणि दिवा तुमच्या डोळ्यांवर येतोय?" काकू रस्त्यात कडाडल्या. "असं करत बसलात तर रविवार उजाडेल आणि मी चिंध्या घेऊन जाईन विहीणबाईंकडे!"

घरी येऊन त्यांनी रागारागाने पिशवी पलंगावर उपडी केली. आणि बघतात तर काय, दोन ओळी तयार! नीटनेटक्या, एकमेकींना जोडलेल्या. काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. काकांना मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

तिसऱ्या दुकानात तिसरी ओळ जोडून झाली, तेवढ्यात काका म्हणाले, "हे बरं वाटतंय मला."

"आवाज नाही का हो जास्त?" काकूंनी निरागसपणे विचारलं.

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिला नुकतीच बढती मिळाली होती. "वा! आता कुठे तुला नजर आली!"

मग काय विचारता! चौथं मशीन काकूंना बुटकं वाटलं. पाचव्याचं झाकण करकरलं. काका खूश, काकू त्याहून खूश. शनिवारी ते शेवटच्या दुकानात शिरले, तेव्हा पिशवीत एकाच ओळीचे चौकोन उरले होते. घरी गेल्यावर अस्तर हाताने टाचलं की गोधडी तयार.

हे दुकान एक बाई चालवत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काकूंच्या पिशवीकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "या ताई, बसा. शेवटची ओळ ना?"

काकूंनी पिशवी पटकन पदराआड ओढली. "म्हणजे?"

"सकाळीच शेजारच्या दुकानातून निरोप आलाय. एक जोडपं फिरतंय, म्हणे. गृहस्थ मशीनमध्ये खोट काढतात आणि बाई आपलं काम काढून घेतात. लाजू नका हो, शिवा. आमच्या मशीनची काही झीज होत नाही."

काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मान खाली घालून मशीन चालवायला घेतलं, पण नजर सारखी चोरून बाईंकडे जायला लागली आणि शिवण डावीकडे गेली, उजवीकडे गेली, मध्येच भलतीकडे भटकून आली. काका शांतपणे वाकून बघत होते. "अगं, हे तर सरळच…"

"पास!" काकू ओरडल्या.

"पण तपासलं कुठे अजून? तो टाका बघ आधी…"

"पास म्हटलं ना! बाई, द्या हो बांधून."

एवढ्या वर्षांच्या संसारात काकांच्या डोळ्यांदेखत न तपासता पास झालेली ही पहिलीच वस्तू. त्यांनी निमूटपणे पाकीट काढलं.

रविवारी विहीणबाईंनी विकतची गोधडी खरोखरच घडी घालून तयार ठेवली होती. काकूंनी आपली गोधडी अंथरली. मुलीने बाळाला तिच्यावर ठेवलं, आणि बाळ एक जांभई देऊन गाढ झोपून गेलं. विहीणबाईंनी विकतची घडी उचलून गुपचूप कपाटात ठेवली. काकूंचा जीव भांड्यात पडला.

"काय सुरेख हो!" विहीणबाई मनापासून म्हणाल्या आणि त्यांनी गोधडीवरून बोट फिरवलं. "शिवण कशी रेषेत आहे! कुठलं मशीन? मलाही घ्यायचंय एक, परवडेल असं."

काकूंनी डोळे मोठे केले, खाकरल्या, काकांच्या पायावर पायसुद्धा दिला. पण काकांच्या जिभेला खोटं बोलण्याचं वळणच नव्हतं.

"पहिली ओळ ज्याच्यावर शिवली ना, ते थरथरतं. घेऊ नका," ते म्हणाले. "दुसरीच्या मशीनचा दिवा वाईट. तिसरीचं आवाज करतं, चौथीचं बुटकं, पाचवीचं करकरतं. मी स्वतः तपासलीत. सगळी नापास!"

विहीणबाईंचं बोट एकेका सरळ ओळीवरून सरकत शेवटच्या ओळीवर आलं आणि शिवणीबरोबर डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मध्येच थांबलं.

"आणि हे?"

"हे पास झालं," काका म्हणाले. "हेच घेतलंय आम्ही."