एका कारकुनाचे दोन स्वभाव

गाद्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं डिस्पॅचचा कारकून म्हणून हाडं झिजवलेल्या माणसाला विभागप्रमुख व्हायला आता एकच गोष्ट बाकी होती. ऑफिसच्या संगणकाला आपला स्वभाव सांगायचा होता. साठ प्रश्न सोडवून निकाल आला, 'भिडस्त. कुणालाही नाही म्हणू शकत नाही.'

"अहो, असल्याला प्रमुख कोण करेल?" बायकोनं कपाळावर हात मारला. "चाचणी परत द्या. या वेळी घरून द्या, मी शेजारी बसते."

पहिल्याच प्रश्नावर तिनं बोट ठेवलं. "'मी कुणाचं ऐकून घेत नाही.' हो करा."

"पण मी ऐकतो की."

"हो करा म्हटलं ना."

त्यानं मुकाट्यानं हो केलं. साठही वेळा केलं. निकाल आला, 'बाणेदार. अन्याय झाल्यास राजीनामा देईल.'

"जुना निकाल पुसता येत नाही," कर्मचारी विभागाच्या बाई म्हणाल्या. "आणि भिडस्त नि बाणेदार एका टेबलाला बसवायचे नाहीत, असा नियम आहे."

"पण बाई, दोन्ही मीच आहे."

"ते तुम्ही आपसांत बघून घ्या."

त्याला दोन टेबलं मिळाली. सकाळी खिडकीजवळ बसून तो प्रत्येक दुकानदाराला 'आजच पाठवतो' म्हणे आणि जेवणानंतर दाराजवळ बसून त्यांनाच झापत असे. सकाळचा 'कृपया जमल्यास' अशी चिठ्ठी ठेवी, दुपारचा तिच्यावर 'जमणार नाही' लिही. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ट्रक हलेना, त्यामुळे चुका थांबल्या. मॅनेजर बेहद्द खूश झाले. दोघांतला एक प्रमुख होणार, हे नक्की झालं.

मंगळवारी सकाळी साडेअकराला सूचना लागली. प्रमुख म्हणून भिडस्ताची निवड झाली होती. त्यानं बायकोला फोन केला तेव्हा दोघांनाही रडू आलं.

जेवून तो दाराजवळच्या टेबलाशी बसला आणि तीच सूचना पुन्हा वाचली. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. 'एकोणीस वर्षं मीही इथंच घालवली. मला डावलून त्या मिळमिळीत माणसाला प्रमुख करता? माझ्या मुलांना काय तोंड दाखवू?' राजीनामा दोन पानं झाला. रीतसर तो विभागप्रमुखांच्या टेबलावर गेला.

बुधवारी सकाळी विभागप्रमुखांनी तो वाचला. इतका जुना, कामाचा माणूस चालला म्हणून त्यांना खरंच फार वाईट वाटलं. त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं.

बारा वाजता तो डबा न उघडताच घरी आला.

"इतक्या लवकर?" बायकोनं विचारलं.

"नोकरी गेली. राजीनामा दिला."

"कुणी?"

"त्यानं. दुपारच्या."

"आणि तो मंजूर करणारा मेला कोण?"

"मीच," तो खाली बघत म्हणाला. "इतकं तळमळून लिहिलं होतं गं, नाही म्हणवेना."