मोठ्या विद्यापीठाला नकार देण्याची पद्धत

उच्च शिक्षणाचा मुख्य हेतू नातेवाइकांना सांगता येईल असं एक नाव मिळवणं हा आहे. ज्ञान हे या प्रक्रियेतलं उप-उत्पादन असून, योग्य काळजी घेतल्यास ते टाळता येतं. यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट फार पूर्वीच मान्य झाली आहे. म्हणून इथे निकालानंतरचा पहिला प्रश्न "कुठं नंबर लागला?" हा असतो. (दुसरा प्रश्न नसतो.)

बोरी अरबजवळच्या तांड्यातल्या ममता राठोड हिच्यापुढे यंदा अडचण उभी राहिली. तिचा नंबर दोन ठिकाणी लागला.

पहिलं विद्यापीठ मोठं. त्याचं नाव घेतलं की ऐकणारा खुर्चीत सरळ होतो. तिथला खर्च मात्र तिचे वडील धावजी यांच्या कपाशीला पेलणारा नव्हता. दुसरं विद्यापीठ दूर, एका लहान गावात. तिथं पूर्ण शिष्यवृत्ती होती: फी माफ, राहणं-जेवण मोफत, वर दरमहा हातखर्च. ममताला दुसरीकडे जायचं होतं. तिथल्या एका प्राध्यापिकेला ती वर्षभर मेल करून शंका विचारत होती, आणि बाईंनी प्रयोगशाळेत तिच्यासाठी एक टेबल राखून ठेवलं होतं. मोठ्या विद्यापीठानं तिला एकच मेल पाठवला होता. त्याच्या तळाशी "कृपया या मेलला उत्तर देऊ नये" असं होतं. होकार कळवायची मुदत रविवारी संध्याकाळपर्यंत होती.

एवढ्या सोप्या प्रश्नाला पंधरवडा लागला, तो "फुकट" या शब्दामुळे.

"फुकट शिकवून राह्यले म्हणजे पोरं भेटत नसतीन त्याईले," तांड्याचे नाईक देवसिंग यांनी मत दिलं. "चालत्या दुकानातला मानूस रस्त्यावर येऊन बलावते का?"

"काका, त्याईनं परीक्षा घेतली. सहाशे पोरांतून चार निवडले," ममता म्हणाली.

"चारच? मंग पाह्य. बाकीचे पळाले."

या युक्तिवादाला उत्तर नाही. (मी शोधून पाहिलं.)

शेवटी प्रकरण भारतकाकांकडे गेलं. भारतकाका म्हणजे धावजींचे धाकटे भाऊ. आसपासच्या लग्नांत माइक त्यांच्याकडे असतो. आलेल्या पाहुण्याचं नाव आणि हुद्दा पुकारून स्वागत करणं हे त्यांचं काम. (नाव चुकलं तर चालतं.) त्यांच्या मते कोणत्याही नावाची खरी ताकद माइकवरच कळते.

"रविवारी लोहाऱ्याले लगन हाय," ते म्हणाले. "दोन्ही नावं माइकवरून सोडतो. पब्लिक सांगन काय ते."

पद्धत शास्त्रशुद्ध होती, हे नोंदवणं भाग आहे. एकच मांडव, एकच आवाज, तोच माइक. दोन घोषणा करायच्या आणि प्रत्येकीला किती माना वळतात ते पाहायचं. ममताच्या वर्गातच बी.एस्सी. केल्यामुळे मोजणी माझ्याकडे आली. तुलनेसाठी एक तटस्थ घोषणाही असावी, ही सूचना माझी. निष्कर्ष खालीलप्रमाणे:

मोठ्या विद्यापीठाचं नाव: अठ्ठेचाळीस माना वळल्या. जिलेबी वाढणारा जागीच थांबला. वरपित्यानं दोन्ही हात जोडले (कोणाला, ते कळलं नाही).

पूर्ण शिष्यवृत्ती: एकोणीस माना. त्यातल्या सहा जणांनी समाजकल्याणचे फॉर्म कधी सुटतात, अशी चौकशी केली.

तटस्थ घोषणा ("एमएच एकोणतीस, पांढरी बोलेरो, गेटसमोरून काढा हो"): दोनशे अकरा माना. नऊ जण उठून उभे राहिले.

विज्ञानाच्या नियमानुसार ममतानं बोलेरोत प्रवेश घ्यायला हवा होता. तो पर्याय उपलब्ध नसल्यानं भारतकाकांनी निकाल मोठ्या विद्यापीठाच्या बाजूनं दिला.

धावजी म्हणाले, "पोरीचं नाव व्हत असन तं दोन एकर काढू. नाल्याकडचे."

नाल्याकडचे दोन एकर ही त्यांची ओलिताची जमीन आहे. बाकी कोरडवाहू. हे ममतालाही ठाऊक होतं.

आता एक तांत्रिक बाब. होकार नोंदवायला पालकांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. धावजींचा मोबाइल लग्नकार्यात बिजलीबाईंच्या, म्हणजे ममताच्या आईच्या, पिशवीत असतो. तांड्यात रेंज नसते. लोहाऱ्यात असते. या तिन्ही बाबींकडे मांडवातल्या विद्वानांचं लक्ष नव्हतं.

मांडवामागे भांडी घासतात तिथे मायलेकी उभ्या होत्या.

"तुले कुठं जाचं हाय?" बिजलीबाईंनी विचारलं. (विचारलं गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत. पंधरवड्यात हा प्रश्न दुसऱ्या कोणी केल्याची नोंद नाही.)

ममतानं सांगितलं.

"मंग थांबली कायले?" म्हणत त्यांनी मोबाइल काढला, आणि बँडच्या आवाजात सहा आकडे एकेक करून ओरडून सांगितले.

ममता मांडवात आली आणि म्हणाली, "बा, झालं. शिष्यवृत्तीवाल्याईले हो म्हटलं. मोठ्याले नाही म्हणून कळवलं."

धावजींचा चेहरा पाहवत नव्हता. देवसिंग नाईक मात्र पुढे वाकले.

"नाही म्हटलं? त्या विद्यापीठाले?"

"हो."

"म्हणजे ते बलावून राह्यले, आन् तू नाही म्हटलं?"

"हो, काका."

नाईक खुर्चीत सरळ झाले. भारतकाकांनी माइक हाती घेतला आणि मोठ्या विद्यापीठाला नकार देणारी तांड्याची पहिली कन्या म्हणून ममताचं नाव तीनदा पुकारलं. वळलेल्या माना: तीनशे चार. बोलेरोचा मालकही वळला.

विचार करता हे रास्तच आहे. मोठ्या विद्यापीठात दरवर्षी हजारो जण जातात. त्याला नाही म्हणणारे किती? शिवाय नकाराला फी नाही, वसतिगृह नाही, उपस्थितीची अट नाही. धावजींना नावही मिळालं आणि नाल्याकडचे दोन एकरही राहिले. त्या रात्री ते दोनदा जेवले.

पद्धत सोपी असल्यानं तिचा प्रसार झपाट्यानं झाला. बारावीत दोन विषय राहिलेल्या बबलूनं महिन्याभरात तीन विद्यापीठं नाकारली. त्यातलं एक परदेशातलं ("तिथली हवा मले सोसत नाही"). तांड्यातल्याच नयननं एक वैद्यकीय महाविद्यालय इतक्या नम्रपणे नाकारलं, की त्याला दोन स्थळं सांगून आली. लग्नाच्या बायोडेटात आता "नाकारलेल्या संस्था" असा रकाना असतो. नेरला एका क्लासनं "आमच्या बेचाळीस विद्यार्थ्यांचा यशस्वी नकार" असा फलक लावला असून नवीन तुकडी सोमवारपासून सुरू होत आहे.

ममता जुलैत गेली. टेबल खिडकीजवळचं आहे, असा तिचा निरोप आहे.

मोठ्या विद्यापीठाचं नाव मी इथे दिलेलं नाही. ते कोणतं असेल, याचा अंदाज वाचकांनी एव्हाना दोन-तीनदा बांधला असेल. दुसऱ्याचा बांधला नसेल. आणि ममता तिथे नेमकं काय शिकते, हे या मजकुरात कुठेही आलेलं नाही. ही उणीव या ओळीपर्यंत ज्यांच्या लक्षात आली नाही, त्यांची गणना मी लोहाऱ्याच्या मांडवातल्या पाहुण्यांत केली आहे. त्यांचं स्वागत असो. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये.