माळ्यावरच्या खोलीचा हरवलेला दाखला

‘अख्ख्या यॉर्कशरमध्ये माझ्याइतका तल्लख गुप्तहेर दुसरा नाही,’ असं आमचे हे, म्हणजे बर्नबी थ्रिप, स्वतःच सांगतात. दुसरं कोणी सांगत नाही, त्यामुळे त्यांचाही नाइलाज आहे. मी त्यांची बायको, म्हणजेच बिनपगारी सहायक.

परवा एनिड हॅदर्ली रडवेली होऊन आली. एकटी बाई, लेकीजवळ राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. पण तिने माळ्यावर खोली काढली होती, त्या खोलीचा दाखला गिऱ्हाइकाच्या वकिलाने मागितला आणि तो घरात कुठेच सापडेना. दाखला नाही तर सौदा नाही.

“चोरी,” हे म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवलं. ते तळाशी गेलं.

आधी संशय खोली बांधणाऱ्या बिल्डरवर गेला. तो केव्हाच स्पेनला जाऊन राहिला होता, म्हणून यांचा संशय आणखी वाढला. मग एनिडच्या मांजरीवर. शेवटी तिच्या समोरच्या घरातल्या पार्जिटरवर, कारण कुणीही कुंपण हलवलं तरी तो गावच्या कौन्सिलकडे हरकत पाठवतो. आम्ही तिघं त्याच्या दारात गेलो.

“दाखला कुठे लपवलास?” यांनी डोळे बारीक करून विचारलं.

“मी कशाला लपवू? मी तर त्या माळ्यावर हरकत घेणार होतो,” पार्जिटर म्हणाला. “कौन्सिलवाले म्हणाले, त्याला परवानगी लागतच नाही. आठवडाभर जेवण गेलं नाही मला.”

“म्हणून तर मी निर्धास्त होते,” एनिड म्हणाली. “बाकीचं बिल्डरने बघितलं असेल.”

“अगं बाई,” पार्जिटर म्हणाला, “परवानगी वेगळी आणि बांधकामाची मंजुरी वेगळी. परवानगीवाले बघतात घर बाहेरून कसं दिसतं, शेजाऱ्याचा उजेड अडतो का. मंजुरीवाले बघतात तुळई भार पेलते का, आग लागली तर जिन्याने बाहेर पडता येईल का. परवानगी माफ झाली तरी मंजुरी सुटत नाही. मंजुरीचा तपासनीस घरी येतो, मग दाखला मिळतो. तुझ्याकडे कोणी आलंच नाही. मी दिवसभर या खिडकीत असतो, मला कळलं नसतं का?”

“म्हणजे दाखला हरवला नाही, कधी मिळालाच नव्हता!” एनिड म्हणाली. पार्जिटरनेच तिला उशिराची मंजुरी मागायला लावली. तपासनिसाने छताचं प्लास्टर फोडून तुळई पाहिली, आगीला टिकणारी दारं बसवायला लावली आणि दाखला दिला. तोवर गिऱ्हाईक थांबलं आणि सौदा झाला. एनिड लेकीकडे गेली, जाताना पार्जिटरच्या गळ्यात पडून रडली.

आमचे हे मात्र अजून पबमध्ये सांगतात, “चोर इतका धूर्त होता, की त्याने चोरी केलीच नाही. तरी मी सोडला नाही.”