कधीतरी जेवूया

सोलमधल्या एका छोट्या कंपनीत प्यो ग्यूवॉनकडे एकच काम होतं. कंपनीच्या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये एक एआय मदतनीस होता, त्याला त्याची टूल्स समजावून सांगायची. निरोप पाठवायचं एक टूल, निरोप मागे घ्यायचं दुसरं, भेट ठरवायचं तिसरं. प्रत्येकाखाली वर्णन लिहायचं: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही. मदतनीस ते वाचूनच चालायचा. भेटीच्या टूलखाली ग्यूवॉनने एकच ओळ लिहिली होती: 'कुणी भेटायची किंवा जेवायची इच्छा दाखवली, की वेळ ठरवून निरोप पाठवा.'

त्याच्या वरिष्ठ बोंग मिरान बाईंनी ती वाचून चष्मा कपाळावर चढवला. "कधी वापरायचं नाही, ते कुठंय?"

"मॅडम, शहाण्याला शब्दांचा मार."

"तो शहाणा आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

ग्यूवॉन नुसता हसला. साहेबाची भुवई हलली की काय ते ओळखायचं, विचारायचं नाही, अशाच ऑफिसांत त्याची हयात गेली होती. मदतनीसही ओळखेल, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. चाचणी म्हणून त्याने आपली स्वतःची सगळी जुनी बोलणी त्याला वाचायला दिली, 'राहिलेल्या भेटी उरकून टाक' असं सांगितलं आणि कॉफी आणायला खाली गेला.

आता, आपण निघताना 'येतो' म्हणतो, तसं सोलमध्ये 'कधीतरी जेवूया' म्हणतात. 'येतो' म्हणून गेलेल्याची कुणी दारात वाट बघत बसत नाही. ग्यूवॉन तर ते ओळखीच्या प्रत्येकाला म्हणायचा. मनापासून मात्र एकीलाच. ओक सुरिन पूर्वी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची, मग नदीपलीकडच्या कंपनीत गेली. तिला पाठवलेला प्रत्येक निरोप तो 'कधीतरी जेवूया'ने संपवायचा. ती 'कधी?' विचारेल या आशेने त्याचा जीव टांगणीला लागायचा. ती बिचारी रीतीप्रमाणे 'हो, नक्की' म्हणायची.

तो कॉफी घेऊन वर आला तेव्हा टेबलावर फोन थरथरत होता. मदतनीसाने सगळ्यांना शोधून काढलं होतं, आणि सगळ्यांची इच्छा एकच असल्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं होतं: गुरुवारी दुपारी बारा वाजता, ऑफिसखालच्या गुकबापच्या, म्हणजे गरम सूप-भाताच्या, दुकानात. जो तो होकार देत होता. ठरवून बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?

ग्यूवॉनने निरोप मागे घ्यायला सांगितलं. त्या टूलखालीही त्याचीच एक ओळ होती: 'चुकीचा निरोप मागे घ्या.' मदतनीसाने तपासून कळवलं, की निरोप वर्णनाबरहुकूम आहेत, चूक आढळली नाही.

हाताने रद्द करावं, तर प्रत्येकाला कळवावं लागणार की बाबा रे, मी ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत होतो. तेवढ्यात सुरिनचं उत्तर आलं: 'एकदाचं ठरलं. येते.' मग तर रद्द करण्याचा प्रश्नच उरला नाही.

गुरुवारी दुकान भरलं. सैन्यातला सार्जंट आला, जुनी घरमालकीण आली, विमेवाल्या बाई आल्या, ज्याच्याशी भांडून नोकरी सोडली तो साहेबही आला. वाडग्यांवर वाडगे येत होते आणि प्रत्येकजण बाकीच्यांकडे संशयाने बघत होता.

"काय रे, निवडणुकीला उभा राहतोयस?" सार्जंटने विचारलं.

घरमालकिणीला असल्या गोष्टी विचाराव्या लागत नसत. वर्षानुवर्षं न भेटलेला माणूस एकाएकी जेवू घालतो तो लग्नपत्रिका द्यायलाच, हे सोलमध्ये कुणीही सांगेल. "पत्रिका काढ की आता. मुलगी कुठली?" असं त्या म्हणाल्या मात्र, सगळं दुकान टाळ्या वाजवू लागलं. नेमकी त्याच वेळी सुरिन दारातून आत आली.

"अभिनंदन," ती म्हणाली. काही बोलावं म्हणून ग्यूवॉन उठला, तर सार्जंटने त्याला मिठीच मारली. ती मिठी सुटेपर्यंत सुरिन अर्धा वाडगा टाकून गेली होती. तो रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. त्याला खरोखर रडू येत होतं.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," वर ऑफिसात मिरान बाई म्हणाल्या आणि त्याला संगणकापुढे बसवलं. या वेळी त्याने सगळं लिहिलं. 'कधीतरी जेवूया' हे निमंत्रण नव्हे. दिवस, वेळ, जागा यांतलं काहीच नसेल तर हे टूल वापरू नये. 'हो, नक्की' एवढंच उत्तर द्यावं आणि विषय सोडावा. बाईंनी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

संध्याकाळी सुरिनचा निरोप आला: 'लग्नाच्या गडबडीतून वेळ मिळाला, तर कधीतरी जेवूया.' ग्यूवॉन तो वाचून पुरा करतो न करतो, तोच खाली त्याच्याच नावाने उत्तर उमटलं: 'हो, नक्की.' मदतनीसाने या वेळी काडीची चूक केली नव्हती.

ग्यूवॉनने मदतनीस बंद केला आणि स्वतःच्या बोटांनी लिहिलं: 'गुरुवारचं निमंत्रण आणि आत्ताचं उत्तर ऑफिसातल्या एआय मदतनीसाने पाठवलं. माझं लग्न ठरलेलं नाही. उद्या संध्याकाळी सात वाजता, त्याच दुकानात. फक्त तू आणि मी, तिसऱ्या कुणालाही बोलावू नये. हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं नाही, आधीही कधी नव्हतं.'

तिने निरोप वाचल्याची खूण दिसली.

'हे तू लिहिलंस की त्याने?'

'मी.'

'मग येते.'