चांगल्यातली काडतुसं

चांगली वस्तू वापरली की खराब होते आणि नाही वापरली की जुनी होते. या दोहोंपैकी दुसरा मार्ग घरंदाज समजला जातो. माणूस सिडनीला स्थायिक झाला म्हणून या नियमात काही फरक पडत नाही. उलट तिकडे कपाटं मोठी मिळत असल्याने नियमाला चांगलंच बळ येतं.

सिडनीतल्या गिरावीनचा यतिन देवस्थळी हा या नियमाचा निष्ठावंत पाईक. मूळचा पुण्याचा, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, छंदाने पिस्तूलबाज. परवाना, क्लबची मेंबरशिप, जमिनीला बोल्ट मारलेली तिजोरी, सगळं रीतसर. (तिजोरी तपासायला आलेल्या पोलिसांना त्याच्या बायकोने, सुनेत्राने, चहा-चकली दिली. तपासणी चाळीस मिनिटं चालली. त्यातली तिजोरीची चार.)

क्लबच्या संघात माणसं चार, आणि यतिन तीन वर्षं पाचवा. पाचव्याचं काम म्हणजे इतरांच्या बॅगा सांभाळणं आणि मॅचनंतर सॉसेज भाजणं. यतिन शाकाहारी, म्हणून त्याच्याकडे फक्त कांदा परतण्याचं खातं दिलेलं होतं. या जूनमध्ये मात्र संघातली एक जागा रिकामी होणार होती आणि ती यतिनला हवी होती. किती हवी होती? तर संघाच्या शर्टाचं माप त्याने फेब्रुवारीतच देऊन ठेवलं होतं.

आता या जागेचा आणि काडतुसांचा संबंध असा. दुकानातली काडतुसं रोजच्याला ठीक असतात, पण बाहेरचं ते बाहेरचं. एकात पावडर चिमूटभर जास्त, दुसऱ्यात कमी, बनवणाऱ्याचा जीव कुठे असतो त्यात? म्हणून जाणकार नेमबाज काडतुसं घरी भरतात. यतिनने रीतसर शिकून घेतलं आणि गॅरेजमध्ये प्रेस बसवला. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलून आणायची, घासून लख्ख करायची, दाबून मूळ मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत मोजून पावडर, वर गोळी, आणि हँडल ओढून तोंड बंद. थोडक्यात, करंजीच. (आईला फोनवर सांगताना 'करंजी' हाच शब्द वापरायचा, असा घरात ठराव झालेला आहे.)

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल रिकामी पुंगळी आपणहून बाजूला भिरकावतं. ऑस्ट्रेलियन माणूस ती वाकून शोधतो, सापडली नाही तर 'नो वरीज' म्हणून घरी जातो. यतिन घरी जात नसे. रेंजवर शेजारी उभ्या नेमबाजाच्या लेनमधल्या, गवतातल्या, एकदा तर संघाच्या कॅप्टन कॉलिनच्या बुटातली, अशी पुंगळी न पुंगळी तो परत आणे. अहो, पितळ आहे! पितळ टाकून द्यायचं?

पहिल्या घाण्यातली दहा काडतुसं त्याने चाचणी म्हणून झाडली. दहाही गोळ्या पन्नास सेंटच्या नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत बसल्या. तो कागद फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला आहे. उरलेली चाळीस बघून सुनेत्रा म्हणाली, "अगंबाई, किती देखणी झालीयेत रे! लगेच संपवू नकोस हं. ठेव बाजूला, चांगल्या वेळेला होतील."

झालं. त्या दिवसापासून यतिन रोज संध्याकाळी काडतुसं भरायचा आणि शनिवारी दुकानातली झाडायचा. तीन वर्षांचा अहवाल पुढीलप्रमाणे: तयार झालेली काडतुसं तीन हजार चारशे साठ. चाचणीत झाडलेली दहा. (त्यांचं अजून वाईट वाटतं.) मॅचमध्ये झाडलेली, एकही नाही. 'चांगली वेळ' म्हणून विचारात घेतलेले प्रसंग अकरा: क्लबचा वर्धापनदिन, स्वतःची चाळिशी, दसरा वगैरे. पैकी दसऱ्याला त्याने डबा बाहेर काढला, हळदकुंकू वाहिलं आणि परत कुलुपात ठेवला.

डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. काहींवर 'चांगली'. बाकीच्यांवर 'आपल्याला'. मोडक्या करंज्या घरच्यांनी खायच्या आणि अखंड डब्यात भरून लोकांकडे पाठवायच्या, हे संस्कार यतिनने गॅरेजातही सोडले नव्हते. केसभर लांब झालेलं, पितळेवर चरा उमटलेलं, किंवा काही दोष नसून नुसतंच जरा उदास दिसणारं काडतूस 'आपल्याला'मध्ये जाई.

मुलगी ओवी चौदा वर्षांची. तिने एकदा गॅरेजात येऊन विचारलं, "बाबा, हू आर यू सेव्हिंग देम फॉर?"

"चांगल्या वेळेसाठी."

"व्हेन इज दॅट?"

"आली की कळतं," यतिन म्हणाला.

आणि खरंच, वेळ आली. जूनमधला शनिवार, संघाच्या एका जागेसाठी निवड. त्याच आठवड्यात दुकानाचा माल कुठेतरी अडकला आणि रोजची काडतुसं मिळेनात. यतिनला कळून चुकलं की देवानेच योजलं आहे. सकाळी आंघोळ करून त्याने 'चांगली'चा पन्नासचा डबा बॅगेत ठेवला. सरावापुरता 'आपल्याला'चाही घेतला. सुनेत्राने हातावर दही-साखर घातली. मग तिने डब्याची दृष्टही काढली. घरातली वस्तू वापरायला निघाली की ती असंच करते.

रेंजवर जागेला दुसरा उमेदवार होता, शंतनू. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीहून नुकताच गिरावीनशेजारच्या पेंडल हिलला राहायला आलेला, हसतमुख, बरोबर पिस्तूल, पण काडतूस एकही नाही.

"अरे यार, दुकानात काहीच नव्हतं," तो म्हणाला. "मी आज नुसता बघायला आलोय. पुढच्या वर्षी बघू."

इथे कुठल्याही समंजस माणसाने 'अरेरे' म्हटलं असतं. यतिनच्या तोंडात तो शब्द आलाही होता. पण समोरचा परगावाहून आलेला, पहिल्यांदाच आलेला, वर मराठी. हात आपोआप बॅगेकडे गेला. 'आपल्याला'चा डबा वर होता. तो त्याने बाजूला सारला. पाहुण्याला मोडकं द्यायचं? 'चांगली'चा डबा शंतनूच्या हातात गेला, स्वतःला राहिला 'आपल्याला'चा. कॉलिनने दोघांची पिस्तुलं एकाच मेकची आणि मॉडेलची असल्याची खात्री केली, काडतुसं देण्याघेण्याच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या घेतल्या, आणि मग यतिनला कोपऱ्यात नेलं.

"मेट, तो तुझ्याविरुद्ध आहे."

"पाहुणा आहे," यतिन म्हणाला.

कॉलिनने फॉर्म पुन्हा एकदा वाचला. त्यात असा रकाना नव्हता.

शंतनू 'चांगली' झाडू लागला. यतिनच्या आयुष्यातली तीन वर्षं एकामागून एक काळ्या वर्तुळाच्या मधोमध जात होती. आवाजसुद्धा ऐकायला काय गोड! यतिनच्या छातीत अभिमान दाटला, आणि त्याच्याखाली काहीतरी जोरात दुखलं. स्वतःच्या पिस्तुलात 'आपल्याला'तलं केसभर लांब काडतूस तीनदा अडकलं. तीनदा सोडवलं. उदास दिसणारं मात्र सरळ दहा गुणांच्या वर्तुळात बसलं, पण त्याचा उपयोग नव्हता. शंतनू दोन गुणांनी निवडला गेला.

शर्ट यतिनच्या मापाचा शिवून आला होता. तो शंतनूला पोटावर जरा घट्ट होतो. यतिनने त्या दिवशी कांदा परतला, आणि डोळ्यांतल्या पाण्याबद्दल त्याला कोणी विचारलं नाही, हा त्या खात्याचा एक फायदा.

यतिन माणूसच आहे. घरी येऊन त्याने बूट भिरकावले. पण पुढच्या रविवारी सुनेत्राने शंतनूला जेवायला बोलावलं. नातं जपायला नको? लग्नात आलेला बोनचायनाचा सेट शोकेसमधून खाली उतरला, त्यातली एक ताटली, एक वाटी आणि एक कप शंतनूपुढे मांडला गेला. बाकी तिघं कडा उडालेल्या ताटल्यांत जेवली. ओवी पाहुण्याच्या ताटलीकडे बघत म्हणाली, "सो दॅट्स हू."

जाताना शंतनूने हळूच विचारलं, "यतिन, ती काडतुसं भन्नाट होती रे. नॅशनल्सला अजून असतील का?"

यतिनने रीतसर फॉर्म भरून, कॉलिनच्या देखरेखीखाली, दोनशे दिली. आणि गॅरेजात जाऊन नवा घाणा सुरू केला, कारण 'चांगली'चा डबा मोकळा दिसायला बरं नाही.

वाचकांनी यतिनला हसावं, त्याला परवानगी आहे. फक्त हसण्याआधी हातातला चहाचा कप खाली ठेवावा. तोच, कान तुटलेला. चांगले सहा कप वरच्या फळीवर आहेत, आणि ते कोणासाठी ठेवले आहेत, ते त्या माणसाला अजून कळवलेलं नाही.