सोनबा मिस्त्रीचा एक्सल

सोनबा मिस्त्रीला नमस्कार केला, तर हात जोडायच्या आधी तो खिशातली दोरी काढायचा. जालन्याच्या मस्तगडात मी भाड्यानं राहायला आलो, त्या दिवशी सामान उतरवायला मदत करायचं सोडून त्यानं माझ्या दाराची चौकट मोजली आणि म्हणाला, "मास्तर, घर चांगलं हाय. फकस्त दीड बोट डावीकडं झुकून राह्यलंय." तेव्हापासून त्या घरात मला सरळ झोप कधी लागली नाही.

दोरी साधी सुताची. तिच्यावर एकेका हाताच्या अंतरानं गाठी मारलेल्या. हात म्हणजे सोनबाचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माणूस बुटका, हात त्याहून आखूड. पण जगातली यच्चयावत वस्तू त्याच हातानं मोजली जावी, असा त्याचा आग्रह. टेपेवर विश्वास नाही. "ती टेप कोन्या सायबाच्या हाताची, आपल्याला काय ठावं?" आमच्या शाळेचा फळा, न्हाव्याची खुर्ची, लग्नातला मांडव, काही म्हणून सुटलं नाही. एका लग्नात अंतरपाट एका बाजूनं चार बोटं खाली आहे म्हणून त्यानं भटजींना हटकलं. भटजींनी मंगलाष्टकं थांबवली नाहीत, पण अंतरपाट सरळ करायला लावला. वाद झाला की सोनबाचं एकच, "दोरीला इचारा."

लढाईच्या दिवसांत जुन्या जालन्यातल्या एका मारवाडी सेठची लॉरी मोडून पडली. सोनबानं ती ओढून आणली आणि तिची गाडवाटेवर चालणारी मोटार करायला घेतली. पुढचा भाग एका लहान मोटारीचा बसवला. मागची चाकं मात्र बैलगाडीपेक्षा लांब-लांब. गाडवाटेच्या दोन चाकोऱ्या काळ्या मातीत उन्हाळ्यात दगडासारख्या वाळतात. चाकं त्यांत नेमकी बसली तर मोटार सुखानं जाते, नाही तर कडांना घासून मरते. म्हणून मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सल आखूड करायचा. आतला तो दांडा आणि बाहेरची लोखंडी नळी ती 'खोळ', असं त्यानं त्यांचं बारसं उरकलं होतं. "खोळ दोन्ही बाजूंनी बराबर कापायची, आत दुसरी नळी सारायची, रिबिटी मारायच्या, पितळ वितळवून सांध्याला डाक द्यायचा. मंग दांडा तेवढाच कापून त्येच्या खाचा कानशीनं नव्यानं पाडायच्या." हे मी इतक्यांदा ऐकलं की वर्गात पाढे घेतानाही मला खोळ दिसे.

सेठ येऊन बघून गेले. "मिस्त्री, हिच्यातून जायचं कुठं तुला?"

"कुठं न्हाई, सेठ. शौक हाय."

शौकाला जालन्यातल्या कुठल्याही बैलगाडीचं माप पुरलं असतं. पण सोनबाला माप हवं होतं परतूरच्या पलीकडचं. "तिकडचा सुतार येगळा, गाडी येगळी." माझी सासुरवाडी तिकडचीच, परतूर स्टेशनापासून तीन कोसांवर. शिमग्याच्या सुट्टीत मी निघालो, तेव्हा त्यानं दोरी माझ्या हातात दिली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती मी कधी पाहिली नव्हती. "एका चाकोरीच्या मधापासून दुसरीच्या मधापर्यंत. जल्दी करू नका, मास्तर. कापलेलं लोखंड पुन्हा वाढत न्हाई."

दोरी मी घरी खुंटीवर विसरलो. परतूरला उतरल्यावर आठवलं आणि हसूच आलं. वाटेत गाडीवान बैलांना पाणी पाजायला थांबला, तेव्हा मी वाकून माझ्याच हातानं चाकोरी मोजली. तीन हात, अगदी बरोबर. मी ताडमाड माणूस. माझ्या आणि सोनबाच्या हातातला फरक पहिलीतल्या मुलालाही दिसला असता.

परत आलो, दोरी त्याला दिली. "हिनंच मोजलं ना?" त्यानं विचारलं. खरं सांगितलं असतं तर फार तर चार दिवस तो माझ्याशी बोलला नसता. पण माझं मास्तरपण आडवं आलं. मी म्हणालो, "तीन गाठी भरल्या. बरोबर तीन."

महिनाभर करवत आणि कानस यांनी आमच्या आळीचं डोकं उठवलं. चैत्र संपता संपता मोटार उभी राहिली. सोनबानं मागं नवी जाडजूड गादी अंथरली, कसंबसं पेट्रोल जमवलं आणि एकटाच निघाला. शौकीन माणसाला गादी लागायचीच, असं म्हणून आम्ही हसलो.

पंधरा दिवसांनी माझा मेहुणा बाजाराला आला, तेव्हा सगळं कळलं. माझ्या सासुरवाडीतली सखूअक्का ही सोनबाची थोरली बहीण, हे त्यानं मला कधी कळू दिलं नव्हतं. आईमागं तिनंच त्याला वाढवलं. वर्षापूर्वी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. बैलगाडीचा एक हादरा तिला सोसेना, त्यामुळे जालन्याच्या दवाखान्यात आणता येईना. 'आता येईन तं मोटार घेऊनच येईन,' असा सांगावा सोनबानं धाडला होता, आणि ती वाट बघत पडली होती.

चाकोरीत मोटार बसलीच नाही. चार-पाच बोटं कमी पडली. चाकं कडांना घासत, आचके खात गेली आणि गाव कोसभर राहिलं असताना खोळ डाकातून उखडली. सोनबा गादी डोक्यावर घेऊन चालत गेला.

"मोटार आणली का रे?" अक्कानं विचारलं.

"आणली ना. वढ्यापाशी उभी हाय. तू जरा बरी हो, मंग निघू."

दहाव्या दिवशी ती त्या गादीवरच गेली. तोवर आल्यागेल्याला सांगत होती म्हणे, "माझा भाऊ मोटार घेऊन आल्ता."

सोनबा परतल्याचं कळलं, तसा मी सगळं कबूल करायचं ठरवूनच त्याच्याकडे गेलो. रस्ताभर शब्द जुळवले होते. तिथं सेठ बसलेले. ते त्याला विचारत होते, "माप चुकलं का रे, मिस्त्री?"

"न्हाई सेठ, माप बराबर व्हतं. मास्तरांनी सोता घेतलं व्हतं. कापताना माझाच हात चुकला." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "व्हय ना, मास्तर?"

माप बरोबर होतं, हे त्याला खरोखरच माझ्याकडून ऐकायचं होतं. मी हो म्हणालो. सोनबानं माझ्यासाठी चहा मागवला, आणि तो मी प्यायलो.