चौकोनांचा तास

"अकरा ते बारा! एक तास! अगं, एका तासात काय बिघडायचंय?" असं म्हणत टापटीपने बाह्या दुमडल्या आणि टेबलाच्या आपल्या वाट्याच्या अर्ध्या भागावर लॅपटॉप मांडला. उरलेल्या अर्ध्यावर बायकोचं शिवणयंत्र, कात्री, खडू आणि कोणाची तरी एक बाही.

टापटीप हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण बसस्थानकावर दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर तो वळतही नसे. स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर भलाथोरला विजेचा फलक होता. कुठली गाडी, किती वाजता, कोणत्या फलाटावर, हे सगळं तो सांगे आणि त्यावरचा मजकूर हा माणूस लिही. एखादी वेलांटी वाकडी दिसली तर याच्या घशाखाली घास उतरत नसे. गेले तीन महिने तो हे काम घरून करत होता. लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर, त्यात एक काळी खिडकी. खिडकीत ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की ओळ थेट फलकावर!

आज त्याची परीक्षा होती. स्थानकप्रमुख साहेब अकरा वाजता स्वतः फलकाखाली उभे राहणार होते. तासभर सगळं नीट चाललं तर घरून काम कायमचं. कागद साहेबांच्या खिशात तयार, फक्त सही बाकी. नाहीतर सोमवारपासून पुन्हा जिन्याखालची खोली, तीही जुन्या टायरांच्या सोबतीने. बायकोच्या मते टापटीपच्या शर्टांना माणसाचा वास यायला लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

सव्वादहाला सॉफ्टवेअरने विचारलं, 'नवी आवृत्ती आली आहे. आता घ्यायची?'

"आज नको हो," तोंडात टाचण्या धरून बायको म्हणाली. "शर्यतीच्या दिवशी कोणी नवे बूट घालतं का?"

"नवं ते चांगलंच असणार!" टापटीपने होकार दाबला. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. अकराला पाच कमी असताना काळी खिडकी उघडली आणि टापटीपचा जबडा खाली आला. इतका, की बायकोला वाटलं दाढ दुखतेय.

"काय झालं?"

"चौकोन!"

"कसले चौकोन?"

"सगळे! बघ! काना नाही, मात्रा नाही, नुसते चौकोन! कोणीतरी फरशी बसवून गेल्यासारखे!"

पण टापटीप डगमगणारा नव्हता. "फॉन्ट आहे, दुसरं काही नाही," तो म्हणाला आणि अक्षरं मोठी केली. चौकोन मोठे झाले. फॉन्ट बदलला. चौकोन सडपातळ झाले. तिसरा फॉन्ट लावला, तर प्रत्येक चौकोनाच्या पोटात एक प्रश्नचिन्ह! "आता हेच मला विचारतायत!" तो ओरडला. शेवटी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. चौकोन चार मिनिटं विश्रांती घेऊन ताजेतवाने परत आले.

"पण तिकडे फलकावर काय दिसतंय?" बायकोने विचारलं.

"मला इथे वाचता येत नाही, ते तिथे कोणाला येणार? आणि असला कचरा फलक घेतच नाही, परत पाठवतो."

वाचकहो, पुढचं सगळं रामायण या दोन वाक्यांत आहे. जे आपल्याला दिसत नाही ते जगालाही दिसत नाही, अशी याची ठाम समजूत!

निदान एखादं अक्षर तरी उगवतं का, हे बघायला तो ओळी लिहू लागला. 'सर्व गाड्या फलाट एक.' एंटर. चौकोन. 'सर्व गाड्या फलाट दोन.' एंटर. चौकोन. असं करत तो सहापर्यंत गेला आणि परत उलटा एकपर्यंत आला.

फोन वाजला. चौकशी खिडकीतल्या बाई होत्या. "अहो टापटीप, तुमचा फलक..."

"माहितीये! मीही तेच बघतोय! पाच मिनिटं द्या!" त्याने फोन ठेवला.

दोन मिनिटांनी पुन्हा बाई. "अहो, लोक इकडून तिकडे धावतायत!"

"धावणारच! काही कळत नसेल तर माणूस काय करणार?"

"अहो, कळतंय म्हणूनच तर..."

पण याने फोन ठेवून उलटा करून वर बाही टाकली होती.

"एवढ्याशा ओळी काय लिहिताय?" बायको म्हणाली. "लांबलचक लिहा. मनातलं."

मनातलं! टापटीपची बोटं शिवशिवली. त्याने लिहिलं, 'साहेब रोज दुपारी पाहणीला जातो म्हणतात आणि पार्सलच्या खोलीत पोत्यांवर घोरतात.' एंटर! चौकोनांची कशी ऐटदार रांग लागली! वाचता येत नसताना साहेबांविषयी लिहिण्यात काय सुख असतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

बायकोलाही राहवेना. साहेबांच्या पँटी शिवायला तिच्याकडेच येत. "लिहा, साहेबांची कंबर बेचाळीस आहे. छत्तीस सांगतात, आणि पँट झाली नाही की म्हणतात, बाई, तुमचं कापड आटलं!"

'साहेबांची कंबर बेचाळीस. कापड आटत नाही, साहेब वाढतात.' एंटर! दोघं टेबलावर डोकं टेकून हसले.

हसता हसता टापटीपला सेटिंगच्या तळाशी एक रिकामी जागा दिसली. 'मराठीसाठी फॉन्ट', आणि पुढे काहीच नाही! नव्या आवृत्तीने ती जागा झाडून पुसून मोकळी केली होती. "सापडलं!" त्याने फॉन्ट निवडला आणि खिडकीतले चौकोन पटापट फुटून अक्षरं झाली. जुन्या ओळीसुद्धा! सुबक, सरळ, एकही वेलांटी वाकडी नाही!

आणि प्रत्येक ओळीपुढे फलकाची पोच होती. इतका वेळ तीही चौकोनांतच होती.

सर्व गाड्या फलाट तीन. दाखवले.

साहेब पोत्यांवर घोरतात. दाखवले.

कंबर बेचाळीस. दाखवले.

बायकोच्या तोंडातली टाचणी खाली पडली ती ऐकू आली. अक्षरं तिकडे कधी बिघडलीच नव्हती! आंधळी झाली होती ती फक्त याची खिडकी!

"पुसा! आधी पुसा!" बायको किंचाळली. त्याने फलक पुसला, खऱ्या गाड्या परत लावल्या, आणि दारावर थाप पडली.

दारात साहेब, स्थानकावरून दोन गल्ल्या पळत आलेले. चेहरा लाल सिग्नलसारखा. टापटीप नुसता हात जोडून उभा.

"फलाटांचं मी समजून घेईन," साहेब धापा टाकत म्हणाले. "घोरण्याचंही घेईन, ते घरीही माहीत आहे. पण कंबर! दोनशे माणसांनी आधी फलक वाचला आणि मग माझ्याकडे वळून खात्री करून घेतली! बाई, टेप काढा. आत्ताच्या आत्ता!"

बायकोने टेप काढली. साहेबांनी श्वास आत ओढला, इतका की डोळे बाहेर आले. टेप बेचाळीसवर आली आणि तिथेच राहिली.

बायकोने टेपेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे.

"छत्तीस," ती म्हणाली. "अगदी छत्तीस, साहेब. मेली माझी टेपच आटली होती!"

साहेबांनी श्वास सोडला. शर्टाचं एक बटण उडून शिवणयंत्राखाली गेलं, पण ते कोणीच पाहिलं नाही. "चारचौघांत झालंय, चारचौघांतच दुरुस्त करा. फलकावर टाका. मी सही करतो."

टापटीपने मन लावून लिहिलं, 'दुरुस्ती. साहेबांची कंबर छत्तीस.' एंटर. दाखवले! साहेबांनी कागद उलगडला, पेनाचं टोपण काढलं, निब कागदाला टेकवली.

बाहीखालचा फोन वाजला. टापटीपने उत्साहाच्या भरात तो स्पीकरवर टाकला.

"अहो टापटीप," चौकशी खिडकीतल्या बाई काकुळतीला आल्या होत्या, "फलक पुन्हा बिघडला हो! सगळे म्हणतायत, मघाशी बरोबर दाखवत होता!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.